सुनेला ऐकवलेली प्रार्थना

ती. ताईस, तुझ्या पिकल्या केसांच्या धाकट्याचा प्रभूत सलाम.

आज सकाळपासून बाबांचं खाकरणं कानात आहे. जेवणाआधी ते प्रार्थनेला खाकरले की तू टेबलाखालून मला चिमटा काढायचीस, "बघ, तुझी तक्रार निघाली देवाकडे!"

माझी तब्येत उत्तम. मुलगा, सून जपतात. तुझे गुडघे काय म्हणतात?

एक सांगायचं राहिलं. रविवारी मीही तसाच खाकरलो आणि शाळेतल्या कवितेची चाल लावून म्हणालो, "प्रभू, या घरातल्यांना लवकर उठायची बुद्धी दे." सूनबाईने मुकाट्याने 'आमेन' म्हटलं, पण जेवली नाही. रोज संध्याकाळी मी दिवसभराचं वागणं प्रभूपुढे मांडतो. एवढं मात्र चार दिवस लपवलं. त्याचं नाव घेऊन मी पोरीला टोमणा मारला गं.

आज ती कामावरून आली की आधी माफी, मग जेवण.

थांब, दार वाजलं.

विहीणबाई आल्यात, न कळवता, बॅग घेऊन! चपला काढता काढताच म्हणाल्या, "व्याहीबुवा, आज जेवणाआधीची प्रार्थना मी करणार."

तुझाच,
बाळ्या