जयंतीच्या सामन्यातलं कडवं

आबा, कासारवाडीच्या आपल्या खोलीत चूल आणि तुमची पेटी यांच्यात हातभराचं अंतर होतं, हे आता नातवंडांना सांगून पटत नाही. आई भाकरी थापतेय, तुम्ही भोसरीच्या वर्कशॉपमधून सायकलवर आलेले, हातपाय धुऊन पेटी पुढ्यात ओढताय. उजव्या हाताची दोन बोटं पॉवर प्रेसखाली गेल्यावर तो हात तुम्ही भात्याला लावलात आणि डाव्या हातानं सूर शोधायला लागलात. वर्षभर चाललं ते. संथ चाल जमायची, पण जलद जागा आली की बोटं अडखळायची. मग तुम्ही आईला म्हणायचात, "भाकर करपली बग तुजी." भाकरी करपलेली नसायची. आईही तव्याकडं बघून, "व्हय की, करपली," म्हणायची.

चौदा एप्रिलच्या जयंतीला गाणाऱ्या गायन पार्टीत तुमचा मान मोठा होता. तो राहावा म्हणून तुमच्या दोस्तानं युक्ती काढली. दुसरी पेटी घेऊन तो तुमच्या शेजारी बसायला लागला. जलद जागा तो वाजवायचा, तुम्ही नुसती बोटं फिरवायचात. लोक म्हणायचे, गड्यानं डाव्या हातानं पेटी जिंकली. खरं काय ते तुम्हा दोघांना आणि आपल्या घराला ठाऊक.

मी तेव्हा बावीस वर्षांचा, पिंपरीच्या कंपनीत नुकताच परमनंट झालेला आणि डोक्यात हवा गेलेला. मला दोनच पार्ट्यांनी वेड लावलं होतं. एक तुमची, आणि दुसरी दर जयंतीला मुंबईहून यायची ती, बेंजोवाली. त्यांच्या चालींवर मी गाणी लिहून वह्या भरल्या, चार दोस्त जमवून स्वतःची पार्टी काढली. एका रविवारी तुम्हाला सगळी वही वाचून दाखवली. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत आणि म्हणालात, "चाल त्यांची, शब्द त्यांचं, दमसुदिक त्यांचाच. ह्यात तुजं काय हाय? आपल्या घरातलं, आपल्या पोटातलं कायतरी घाल की." तुमचं बरोबर होतं. बरोबर होतं म्हणूनच झोंबलं. पुढं कितीतरी दिवस मी तुमच्याशी कामापुरतंच बोललो.

आणीबाणी उठल्यानंतरची ती पहिली जयंती. लोकांना बऱ्याच दिवसांनी मोकळं वाटत होतं, विहारापुढच्या मैदानात माणूस मावत नव्हता. सामना ठरला तुमच्या पार्टीचा आणि आमचा. सामन्याची रीत तुम्हीच मला शिकवलेली. समोरच्यानं गाण्यातून सवाल टाकायचा, आपण तिथल्या तिथं कडवं रचून जवाब द्यायचा. आधी ज्ञानाचे सवाल, मग रंग चढला की चिमटे. तिथं सख्खे भाऊही एकमेकांना सोडत नसत, आणि तिथलं बोलणं कुणी घरी न्यायचं नाही. तुमच्या गायकानं आम्हाला चिमटा काढला, कालची पोरं उसनी चाल घेऊन आली म्हणून. मैदान हसलं. माझा दोस्त कानाशी म्हणाला, "राव, आता काय?" मी उभा राहिलो आणि थेट तुमच्याकडं हात करून म्हटलं,

भाता तुझा, बोटं तुझी, सूर मात्र शेजारचा,
सांग गड्या, मग कशाला थाट असा दरबारचा?

आयुष्यात तुम्हाला अरे-तुरे केलं ते तेवढंच. लोकांना आधी अर्थ लागला नाही. पण तुमच्या पार्टीच्या पेट्या अजून चालूच होत्या; तुम्ही दचकून पेटीवरचा हात उचललात, शेजारच्या तुमच्या दोस्ताचं लक्ष नव्हतं, आणि सूर तसाच चालू राहिला. मग सगळ्यांना कळलं. असा हशा त्या मैदानात मी पुन्हा ऐकला नाही. आम्ही जिंकलो. मला खांद्यावर घेतलं. मला आनंद झाला होता, आबा, भरपूर झाला होता. हे लिहितानाही लाज वाटते.

घरी आईनं भाकरी ताटात टाकली आणि म्हणाली, "दुसरं काय गावलं न्हाई तुला?" तुम्ही तिलाच गप्प केलंत. "सामन्यात तोंडाला येतं ते येतं. तापल्यालं मानूस बोलून जातं. त्याचा राग धरायचा नस्तो." वर मला म्हणालात, "यमक झ्याक जमलंय." त्यानंतर तुम्ही कधी स्टेजवर बसला नाहीत. पार्टीची माणसं बोलवायला आली की सांगायचात, हात दुखतो. चुलीजवळसुद्धा पेटी उघडली नाहीत. मी मात्र ते कडवं पुढं दहा वर्षं ठिकठिकाणी म्हटलं. लोक मागायचे, मी म्हणायचो.

परवा विहारातली चार तरुण मुलं घरी आली होती. जुन्या गायन पार्ट्या ऐकून तीही स्वतःची गाणी लिहितात. जुन्या सामन्यांवर पुस्तिका काढताहेत. एका मुलीनं विचारलं, "काका, ते कडवं तुम्हाला तिथंच सुचलं?" मी म्हटलं, "तिथंच, उभ्या उभ्या." तिनं लिहून घेतलं.

आबा, ते तिथं सुचलेलं नाही. जयंतीच्या आठ दिवस आधी मी ते घरी लिहिलं. तुम्ही समोर पेटी घेऊन बसला होतात. तुमची बोटं अडखळली आणि मला दुसरी ओळ सापडली. मग सामन्यात मी वाटच बघत होतो, तुमची पार्टी कधी चिमटा काढते त्याची. तुम्ही ज्याला माफ केलंत तो तापलेला माणूस तिथं नव्हताच. हे मी तुम्हाला तुमच्या शेवटच्या आजारातही सांगू शकलो असतो. महिनाभर उशाशी बसून होतो. कडवं लिहिलं त्या संध्याकाळी तर तुम्ही विचारलंही होतंत, "काय लिवतोस रं?" मी वहीवर हात ठेवून म्हटलं, "गाणं." पोरगं पुन्हा लिहायला बसलं म्हणून तुम्हाला बरं वाटलं असावं. पेटी थांबवून तुम्ही रॉकेलची चिमणी माझ्याकडं सरकवलीत.

पुस्तिका अजून छापायला गेलेली नाही. त्या मुलीचा नंबर माझ्याकडं आहे. मी फोन केलेला नाही.