सोमवार दुपारची गाडी

योकोहामा, १२ मे २०२४

ती. सौ. नंदिनीताईस, सा. न. वि. वि.

तू भाषांतर करून पाठवलेली अरबी कथा पोचली. फोन विश्वजित रोज चाळतात, पत्रपेटी मात्र माझ्या ताब्यात, म्हणून आपला हा जुन्या वळणाचा पत्रव्यवहार. कथा चारदा वाचली. ती शिवणकाम करणारी बाई नवऱ्याला न सांगता बसमध्ये चढते, तिथे मला रडूच फुटलं. कॉलेजात मी तुझ्या अरबीला हसायचे, ते सगळं हसणं परत घेते.

सेंदाईच्या विद्यापीठाने प्रयोगशाळेतली माझी जागा एकवीस तारखेपर्यंत राखून ठेवली आहे. विश्वजित म्हणतात, बायको दुसऱ्या गावी राहते हे ऑफिसात कुठल्या तोंडाने सांगू? ताई, मी सोमवारी, वीस तारखेला, दुपारच्या गाडीने जाणार. त्या बाईला जमलं, मग मला का जमू नये?

लोभ आहेच, तो मला पुरेल एवढा ठेव.

तुझी प्रणिता

हिगाशी-कसाई, १७ मे २०२४

चि. सौ. प्रणितास अनेक आशीर्वाद.

तीन दिवस पत्र लिहून फाडते आहे. ती बाई बसमध्ये चढत नाही गं. मूळ कथेत ती तिकीट मुठीत धरून उभी राहते, बस निघून जाते आणि ती स्वयंपाकाला घरी परतते. शेवट मी बदलला. कथा पाठवण्याआधीचं तुझं पत्र इतकं खचलेलं होतं, की तसाच शेवट पाठवायला हात धजेना. या कथांत बायकांसाठी आशा शोधत बसणारी मी, मिळाली नाही तिथे पदरची घातली.

पण तू माझ्या थापेवर घर सोडावंस, हे मनाला खातं आहे. जा, जरूर जा, फक्त स्वतःच्या बळावर जा. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी ताई

योकोहामा, २२ मे २०२४

ती. ताईस सा. न.

पत्र सोमवारी निघताना पेटीत मिळालं. तुझा आशीर्वाद असेल म्हणून टोकियो स्टेशनच्या फलाटावर फोडलं. वाचून होईतो गाडी लागली. रांगेत माझ्यामागे उभ्या आजीबाईंनी वाकून मला पुढे व्हायला सुचवलं. मी बाजूला सरून त्यांनाच वाट दिली.

विश्वजित यायच्या आत पोळ्या झाल्या होत्या. काल सेंदाईला नकार कळवला. मसुदा त्यांनीच तपासून दिला, फार खूश होते.

कथा आता पाठवू नकोस. लोभ असू दे. तू खरं बोललीस, तुला बोल लावत नाही. पण ताई, दोनच दिवस उशिरा बोलली असतीस, तर तोवर मी सेंदाईत पोचले असते.

प्रणिता