घरापुरता गळा

अप्पा, आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, आणि गेलेल्या माणसाशी भांडू नये असं आई म्हणते. पण जिवंतपणी तुम्ही भांडायची वेळच कुठं येऊ दिलीत? साऱ्या भोरात तुमचा लौकिक होता की हा माणूस पोरीला कधी 'नाही' म्हणत नाही. सायकल शिकायची म्हटलं, हो. मॅट्रिकच्या पुढं शिकायचं म्हटलं, हो. नाटकात काम करायचं म्हटल्यावर आत्या तावातावानं घरी आली, तर तुम्ही तिलाच म्हणालात, "अक्का, चहा घे आणि शांत हो, पोरगी गाणार आहे." हे सगळं मी सासरी कामथडीत किती वर्षं मिरवलं! कुणी बापाचा विषय काढला की माझी मान ताठ व्हायची. आता ती मान कुठं ठेवू ते सांगा.

तुमच्या माघारी आमचा एक कंपू जमला आहे. सगळे संगीत नाटकाचे वेडे. एक निवृत्त एसटी कंडक्टर, एक मेडिकलवाले, एक-दोन आणखी, आणि तुमच्या पेटीला तबल्याची साथ करणारे चाचा. व्हय, चाचा अजून आहेत, ऐंशी पार झाले तरी टेबलावर बोटं वाजवल्याशिवाय त्यांना चहा जात नाही. रविवारी मी आईला भेटायला भोरला येते आणि तासभर स्टँडसमोरच्या हॉटेलात ह्या लोकांत बसते. नाटकाचे प्रयोग आता कुठले व्हायला, पण मोबाईलवर जुनी पदं ऐकायची आणि भांडायचं. परवा एका जुन्या गायक-नटाच्या आयुष्यावरचा सिनेमा आला, म्हणून सगळ्यांनी मिळून गाडी केली आणि पुण्याला जाऊन बघून आलो. येताना नसरापूरजवळ चहाला थांबलो, आणि तिथं जी जुंपली म्हणता! कंडक्टर म्हणाले, "त्या हिरोला पेटीवर बोटं तरी ठिवता येत्यात का? पीठ मळल्यावानी करतोय." मेडिकलवाले म्हणाले, "नाटकात गाणाऱ्याचा घाम दिसायचा हो. हितं सगळे पावडर लावून." मग ते असंही म्हणाले की असल्या चरित्रपटात मोठा माणूस कधी वाईट वागतच नाही, आणि वागलाच तर मागं असं काही संगीत लावतात की बघणाराच डोळे पुसतो. आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा हसले.

मग बोलण्याची गाडी पट्टीवर आली. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, पण काल सुनेला समजावलं तसंच इथं लिहिते. पेटीवरची जी पट्टी धरून गाणं सुरू करायचं, त्यावर सगळं अवलंबून. चौथ्या काळीच्या जागी पाचवी काळी धरली की अख्खं गाणं वर चढतं. सुरुवातीला फारसं जाणवत नाही, पण तानेत वर जायची वेळ आली की गळा पुरत नाही. तर कंडक्टर म्हणत होते की सिनेमात पट्टी उतरवली आहे, मूळचा नट काळी चारात गायचा. त्यावर चाचा फस्सकन हसले. म्हणाले, "काळी चारचं काय कवतिक सांगतुयास? ही आपली पोरगी तर काळी पाचात गायला निगाली हुती!" आणि माझ्याकडं बोट. मला वाटलं, म्हातारपणी घोळ होतोय. मी म्हटलं, "चाचा, मी नाही हो. मी कायम काळी चारातच गायले."

"आता ह्या वयात लपवून काय उपेग?" चाचा म्हणाले. "त्या मांडवातल्या नाटकाच्या दिवशी सकाळी तुझं अप्पा सोता माझ्या घरी आलं. म्हणलं, काळी पाचाचा तबला घिऊन ये. म्या म्हटलं, का वो, तालमीला तर काळी चाराचा लागतो. तर म्हणलं, पोरीचा हट्ट हाय, मोठ्या गायकांवानी चढ्या पट्टीत गायचंय. म्या म्हटलं, लहान हाय, गळा फाटंल तिचा. पर बापच राजी, तर म्या कोण बोलणार?" एवढं बोलून त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुला वाईट वाटंल म्हणून कधी बोललो न्हाई गं पोरी. तरण्यापणी हुतं असं." सगळे माझ्याकडं कौतुकानं बघत होते, काय हट्टी पोरगी होती म्हणून. चाचा खोटं बोलणारा माणूस नाही, आणि तबल्याचं तर ते मरेपर्यंत विसरणार नाहीत. एका पट्टीचा तबला दुसऱ्या पट्टीला चालत नाही, वेगळा आणावा लागतो. म्हणजे ऐन वेळी तुमचं बोट चुकलं असं म्हणायची सोयसुद्धा तुम्ही ठेवली नाहीत. मी कपातला चहा तसाच ठेवला आणि गाडीत जाऊन बसले.

भाटघरच्या धरणावरच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर आठवतंय का? तुम्ही कामावरून यायचात, सायकल भिंतीला लावायची, हातपाय धुवायचे आणि पेटी घेऊन थेट चुलीपाशी. पुढच्या खोलीत बसायचं नाही, कारण शेजारी ऐकतात आणि पोरगी बुजते. आई भाकरी थापतेय, मी परातीत पीठ मळत गातेय, आणि तुम्ही डोळे मिटून भाता मारताय. मी सूर सोडला की तुम्ही बोलायचा नाहीत, रागवायचा नाहीत. फक्त तो सूर दाबून धरायचात. मी परत येईपर्यंत सोडायचा नाहीत. एकदा मी वैतागून म्हटलं, "पुरे की आता," तर म्हणालात, "गाणाऱ्यानं पेटीवर डोळे मिटून विसंबावं. पेटी कधी फसवत नाही." बाई बाई, काय बोलला होतात! एकदाच तुम्ही माझ्यावर ओरडलात, मी थंड पाणी प्याले म्हणून. तांब्या हातातून हिसकावून घेतलात. एवढी माझ्या गळ्याची काळजी.

मग त्या पुण्याच्या नाटक कंपनीच्या मॅनेजरचा निरोप आला. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की भोरला एक मुलगी चांगली गाते. गावच्या मांडवात तुमचा खेळ आहे तेव्हा येऊन ऐकतो, पसंत पडली तर कंपनीत घेतो, सहा महिने दौऱ्यावर राहावं लागेल. मी एकोणीस वर्षांची. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. घाबरत घाबरत तुम्हाला विचारलं, जाऊ का? तुम्ही पेटीवरची धूळ पुसत होता. मान वर न करता म्हणालात, "त्यांना आवडलीस तर खुशाल जा. मी कशाला नाही म्हणू?" मी आईच्या गळ्यात पडले. आईनं मात्र नुसता माझा हात बाजूला केला आणि तवा उतरवला.

तो मांडव मला आत्ताही दिसतोय. मी नऊवारी सावरत पुढं येते. खाली डाव्या हाताला तुम्ही, शेजारी चाचा. तुमची बोटं मला दिसत नाहीत, मी तुमच्या तोंडाकडं बघते, नेहमीसारखी. तुम्ही मान डोलावता, घे म्हणून. मी घेते. पहिल्या ओळीलाच वाटतं, गळा आवळल्यासारखा झालाय, पण म्हणते भीती असेल. तुमच्याकडं बघते. तुम्ही परत मान डोलावता. अंतऱ्याला वर जाते आणि आवाज चिरकतो, पुन्हा घेते, पुन्हा चिरकतो. पुढच्या रांगेतला कुणीतरी माझी नक्कल करतो आणि मांडव हसतो. मॅनेजर दुसरा अंक लागायच्या आत उठून गेले. घरी येताना मी रडतेय आणि तुम्ही सायकल हातात धरून माझ्या बरोबरीनं चालताय. भाटघर आलं. मग म्हणालात, "असू दे गं. एकेकाचा गळा घरापुरताच असतो." इतक्या मायेनं म्हणालात! पुढच्या आठवड्यात तुम्ही मला ट्रान्झिस्टर आणून दिलात, नवाकोरा, चामड्याच्या पिशवीतला. मी तो उराशी धरला होता. गाता येत नाही तर ऐक, असंच ना त्याचं म्हणणं?

अप्पा, त्या दिवसानंतर मी घरापुरतीसुद्धा गायले नाही. तुमच्या पेटीची साथ मी पुन्हा कधी मागितली नाही, आणि तुम्हीही कधी म्हटलं नाहीत की बस. लग्न होऊन कामथडीला गेले. पोराच्या बारशाला बायका मागं लागल्या, आईनंच पाळणा म्हणायचा असतो. मी म्हटलं, माझा गळा बसलाय. पोराचा पाळणा त्याच्या चुलतीनं म्हटला आणि मी कुंची सारखी करत बसले. भजनात मी टाळ धरते, तोंड उघडत नाही. नवरा साधा माणूस, दूध आणि शेती ह्यापलीकडं त्याला काही नाही, पण एकदा तोही म्हणाला, "तू गायचीस म्हणे?" मी म्हटलं, छे, उगीच हौस होती. आणि त्या मांडवातला प्रसंग आठवला की मी स्वतःलाच शिव्या घालायचे, की बापानं एवढं शिकवलं आणि ह्या नतद्रष्ट पोरीनं चार लोकांत त्याची मान खाली घातली. तुमची मान, अप्पा! मला तुमची दया यायची.

नसरापूरहून त्या दिवशी मी घरी गेले नाही, तशीच आईकडं गेले. आई वाल सोलत बसली होती. मी दारातूनच विचारलं, "आई, त्या दिवशी पट्टी कुणी वाढवली?" तिनं वर बघितलं. म्हणाली, "तुला आत्ता कळलं व्हय?" मी आत जाऊन तिच्यापुढं बसले. तिला सगळं माहीत होतं. ती सांगत होती आणि हातानं वाल सोलत होती. "ह्यांना रातभर झोप न्हवती. म्हणायचे, ती गेली तर परत येत न्हाई, त्या लोकांत मुलगी हातची जाती. मी म्हटलं, मग सांगा की तिला तोंडावर, जाऊ नको म्हणून. तर म्हणाले, मी न्हाई म्हटलं तर जन्मभर मला बोल लावंल." मी विचारलं, आणि तू? तू का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "सांगून काय करणार हुतीस? आधी ह्यांच्यापुढं माझं तोंड उघडलं न्हाई, आन मग तुझा संसार लागला." मग सोललेले वाल बाजूला सारून म्हणाली, "चांगली गायची बाई तू. गेली असतीस."

केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते हेच. तुम्हाला मी बोल लावू नये म्हणून मी जन्मभर स्वतःला बोल लावत बसले, आणि तुम्ही समोर बसून ते बघितलंत. मला कोंडून घातलं असतंत तरी चाललं असतं. पेटी फोडली असतीत, दोन थोबाडीत दिल्या असत्यात, तरी मी चार दिवस रडून, भांडून मोकळी झाले असते, कदाचित पळूनही गेले असते. निदान भांडण तरी खरं झालं असतं. पण तुम्हाला माझा आवाजही घालवायचा होता आणि कधीही नाही न म्हणणारा बापही राहायचं होतं. वर चाचांना सांगितलंत, पोरीचा हट्ट. भोरात ज्यांना आठवत असेल त्यांना मी शेफारलेली पोरगी म्हणून आठवते, आणि तुम्ही देवमाणूस. त्या सिनेमातल्या माणसाला मी हसले, पण माझ्या डोक्यात तुमचाही तसलाच सिनेमा चालू होता, इतकी वर्षं. दौऱ्यावर जाऊन माझं सोनं झालं असतं असं मी म्हणत नाही. त्या कंपनीचं पुढं काय झालं देव जाणे. कदाचित चार महिन्यांत मी रडत परत आले असते. पण ते माझं मी आले असते ना.

कंपूतल्या कुणाला मी अजून काही बोलले नाही. चाचांना सांगितलं तर म्हातारा हाय खाईल, की आपल्याच तबल्यावर हे झालं. सुनेला सांगितलं, ती तुम्हाला जे म्हणाली ते इथं लिहीत नाही. हे पत्र घडी करून कपाटात ठेवणार नाही, चुलीतही घालणार नाही, टेबलावर पडलं आहे ते पडू दे, कुणी वाचलं तर वाचू दे. माझा राग गेलेला नाही आणि जाईल असं वाटत नाही. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, दुसऱ्या कुणाला ती सांगता येत नाही. चाचांचं बोलणं ऐकून मी गाडीत जाऊन बसले ना, तेव्हा राग नंतर आला. त्याच्या आधी, अगदी क्षणभर, मला हरखून जायला झालं. माझा गळा फुटका नव्हता! आणि ही बातमी पळत जाऊन सगळ्यात आधी ज्या माणसाला सांगावीशी वाटली, ते तुम्ही होता.