घडीची खुर्ची

४ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही 'सगळं छान' याच्या पुढे जात नाही, म्हणून लिहिते आहे. पत्रात निदान अर्धं पान तरी भरावं लागतं.

दोन दिवसांत एक खोका येईल. त्यात घडीची खुर्ची आहे. कारखान्यात गेलं वर्षभर मी हिच्यावरच काम करते आहे. हा तिसरा नमुना. दादाकडे राहायला गेल्यापासून तुम्ही पलंगाच्या कडेवर बसता, असं वहिनींनी सांगितलं. पलंगाची कड बसण्यासाठी केलेली नसते. मांडीखाली लोखंडी पट्टी येते आणि पाय सुन्न होतात. मागच्या खेपेला आले तेव्हा कपाट आणि भिंत यांच्यातली फट मी मोजून ठेवली होती. खुर्ची मिटली की त्या फटीत जाते.

उघडायची रीत: पाठ एका हाताने धरा, बैठक दुसऱ्या हाताने खाली ढकला. टक् असा आवाज आला की बसा. नाही आला तर बसू नका. मिटताना बैठकीखालची पट्टी वर ओढा आणि बोटं बाहेर ठेवा. पहिल्या नमुन्यात माझं नख गेलं होतं. आता तिथे रबर आहे.

आमच्या साहेबांना हिचं मिटणं फार आवडलं आहे. आल्या-गेल्याला ते स्वतः उघडमीट करून दाखवतात. बसून मात्र त्यांनी अजून पाहिलेलं नाही.

कशी वाटते ते कळवा. कौतुक नको, खोड काढा.

लोभ असावा. कमी झाल्यास कळवावे, कारण तपासू.

तुमची,
धाकटी

१३ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खुर्ची पोचली. टक् वाजलं, मगच बसलो. पाठीला इतकी बेताची लागते की बसल्या बसल्या डोळा लागला. खोड काढायचीच तर ही काढतो.

खरी कमाल तिच्या मिटण्याची. वहिनी शिलाई मशीनवरून कापड घेऊन वळली, की मी उठतो, पट्टी ओढतो, खुर्ची फटीत. दादा कामावरून आला, खुर्ची फटीत. वहिनीकडे कुणी मापं द्यायला आलं, की खुर्ची फटीत आणि मी गॅलरीत. कुणाची अडचण म्हणून होत नाही. सगळी नोकरी कंडक्टरकीत गेली; 'पुढे सरका' हे लोकांना सांगत आलो, आता स्वतःला सांगतो, एवढाच फरक.

आता एक काम, फक्त तुझ्या-माझ्यातलं. तुझ्या गावाबाहेर म्हाताऱ्यांसाठी निवास आहे म्हणतात, स्वतंत्र खोली मिळते. जरा चौकशी करून ठेव. रागावून लिहीत नाही. दादा-वहिनी माझं मनापासून करतात, म्हणूनच लिहितो. दोन खोल्यांत मशीन, कपाट, कापडांचे गठ्ठे आणि ती दोघं. त्यात मी किती दिवस असा मिटून राहणार? दादाजवळ एवढ्यात बोलू नकोस.

जेवणाच्या वेळा पाळ. यंत्रं तुझ्याशिवाय तासभर उपाशी मरत नाहीत.

तुझा, कुठल्याच मापात न बसणारा,
बाबा

१८ मार्च

सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

एक मदत हवी आहे. खुर्ची नीट काम देते की नाही, हे बाबांच्या पत्रावरून कळत नाही. ते कौतुक करतात आणि मला ते बरोबर वाटत नाही.

तुमच्याजवळ शिवणाची टेप आहे. बाबा बसलेले असताना खुर्ची किती जागा घेते ते मोजा, मग मिटल्यावर मोजा. हे आकडे माझ्याकडे आहेत, पण ते कारखान्यातल्या मोकळ्या हॉलमधले आहेत. तिच्यामुळे तुमच्या कामात अडचण होत असेल तर स्पष्ट लिहा. मला वाईट वाटणार नाही. वाटलं तरी चालेल.

दादाला विचारलं म्हणून सांगा. तुमचा लोभ आहेच. तो तपासायची गरज नाही.

आपली,
धाकटी

२५ मार्च

प्रिय वन्संबाई,
स. न.

इतक्या वर्षांत नणंदेने पहिल्यांदा माझ्याकडे माप मागितलं, आणि तेही खुर्चीचं. घेतलं. कागद जोडला आहे. पण तुझ्या दोन मापांनी काही कळायचं नाही, म्हणून तिसरं मी आपण होऊन घेतलं. बाबांच्या उठण्याचं.

ते बसलेले असतात तेव्हा माझी काडीचीही अडचण नसते. खुर्ची मशीनच्या बाजूला कोपऱ्यात राहते. ते सुईत दोरा ओवून देतात, बायकांना गप्पांत गुंतवतात. कपडे उशिरा मिळाले तरी हल्ली कुणी ओरडत नाही. पण मी जरा मान वळवली की हे उठणार. पाऊल मागे, पाठ पुढे, बैठक वर. मग मी मशीन थांबवायचं, पाय आत घ्यायचे, कापड उचलायचं, दार लोटायचं. चार टाके घालते तोवर त्यांचे पाय दुखतात, की पुन्हा खुर्ची उघडायची. दारापासून मशीनपर्यंतची सगळी खोली लागते ग एका मिटण्याला. परवा एका झग्याची बाही त्या पट्टीत सापडली. शेवटी मी म्हटलं, "बाबा, तुमच्या बसण्याची अडचण नाही हो, उठण्याची आहे." ते हसले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

खुर्ची मिटता येऊ नये म्हणून मी बैठकीखाली दोऱ्यांची टोपली ठेवून पाहिली. तर टोपली मांडीवर घेऊन पुन्हा पलंगाच्या कडेवर. मला धास्ती वाटते, एक दिवस पिशवी भरून निघून जातील आणि जातानासुद्धा म्हणतील, सगळं छान. तुझ्या दादाला हे दिसत नाही. त्याला वाटतं, वडील उत्साही झाले आहेत.

तू शिकलेली आहेस, काहीतरी कर. माझा तुझ्यावर लोभ आहे, राग आहे तो खुर्चीवर.

तुझी,
वहिनी

७ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

निवासाची चौकशी केलेली नाही. आधी तुमचं गणित तपासलं. ते चुकलं आहे. माझंही चुकलं होतं, म्हणून आधी माझं सांगते.

मी उघड्या खुर्चीची जागा मोजली आणि मिटलेल्या खुर्चीची मोजली. मधली मोजलीच नाही. उघडताना-मिटताना पाय फिरतात, पाठ पुढे येते, माणूस मागे सरतो. वहिनींनी टेप लावली, तेव्हा ती जागा बसण्याच्या जागेच्या तिप्पट भरली. दिवसातून एकदा मिटली तर हरकत नाही. तुम्ही दिवसभर मिटता. म्हणजे कुणाची अडचण नको म्हणून तुम्ही उठता, तेव्हाच घरात सगळ्यात जास्त जागा घेता. बसलेले असता तेव्हा सगळ्यात कमी. वहिनींचा कागद जोडते आहे. अक्षर त्यांचं आहे, आकडे बरोबर आहेत.

साहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, गिऱ्हाईक मिटणंच बघतं. मी खुर्ची त्यांच्या केबिनमध्ये, टेबल आणि कपाट यांच्या मध्ये मांडली, त्यांना बसवलं आणि मग मिटायला सांगितली. एक कपबशी फुटली. जागच्या जागी मिटणाऱ्या चौथ्या नमुन्याला परवानगी मिळाली आहे.

तुमच्यासाठी मात्र वेगळी पाठवते. आहे घडीचीच, पण मिटायची पट्टी काढून मी माझ्याकडे ठेवली आहे. हवी असल्यास लेखी अर्ज करावा. जुनी परत पाठवा.

हिच्या पाठीवर काय लिहिलं आहे ते बसण्याआधी वाचा. लहानपणी मी तुमच्या गाडीतून यायचे, तेव्हा दाराजवळच्या एका सीटवर तेच लिहिलेलं असायचं. तुम्ही ती रोज कुणाला तरी द्यायचात आणि उभे राहायचात. मी तेव्हा नुकती वाचायला शिकले होते. मला वाटायचं, बाबांना वाचता येत नाही.

लोभ असावा, आणि तो त्याच घरात, बसून असावा.

तुमची,
धाकटी

१९ एप्रिल

चि. मोजपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खुर्ची आली. 'वाहकासाठी राखीव' वाचलं आणि बराच वेळ तिच्यासमोर नुसता उभा राहिलो. वहिनीने मशीन थांबवून विचारलं, गाडी अजून किती वेळ उभी ठेवायची. मग बसलो. हाताच्या दांड्यावर दोनदा टक् टक् केलं, तशी तिने मशीन सुरू केलं. आता रोज तसंच सुरू होतं. तिच्या गिऱ्हाइकांनाही ठाऊक झालं आहे.

कपाटामागच्या फटीत वहिनीने इस्त्रीची फळी घुसवली आहे. तेव्हा पट्टीसाठी अर्ज करत नाही. त्या दुसऱ्या चौकशीचंही राहू दे. वाचता मला पूर्वीही येत होतं. पाटी माझ्यासाठी आहे, हे मात्र कधी मनावर घेतलं नव्हतं.

काल दादा कामावरून आला आणि बूट सोडायला माझ्या खुर्चीवर बसला. मी गॅलरीतून आत आलो. तो बसल्या जागेवरूनच म्हणाला, बाबा, पलंगावर टेका ना जरा. वहिनीने मशीन थांबवलं. मी पाठीवरच्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "उठा साहेब, ही सीट माझी आहे."

तो एका बुटावर उठला.

तुझा,
बाबा (वाहक)