सातवा दिवा

१० जानेवारी, सकाळी ७.१५
काल घडलं ते क्रमाने:
१. वार्षिक ट्रिप. मोटरसायकली सात. माझी शेवटची, सलग चौथ्या वर्षी.
२. पेट्रोल पंपावर मी सांगून वॉशरूमला गेले.
३. बाहेर आले तेव्हा पंपावर माझी एकटीची गाडी.
४. नियमाप्रमाणे कॅप्टनने (एरवी बँकेत कॅशियर) पहिल्या वळणावर थांबून दिवे मोजले. स्वतःचा धरून सात भरले.
५. सातवा दिवा एका कुरिअरवाल्याचा होता. रांगेमागून निवांत चालला होता.
६. हे बेचाळीस किलोमीटरवर, जेवायला हेल्मेट काढल्यावर कळलं. तोवर त्याचंही ताट सांगून झालं होतं.
७. कॅप्टनने फोन करून हे सगळं सांगितलं. मी फोन बंद करून घरी आले.
मला वाईट वाटलेलं नाही. फक्त नोंद.

१७ जानेवारी
दातवाली माझ्या लॅबमध्ये आली. (डेंटिस्ट. रांगेत माझ्या पुढे. त्या मंडळींत मी बोलते ती हिच्याशीच.) मी वजनकाटा तपासत होते. श्वासानेसुद्धा आकडा हलतो, असं सांगून तिला काचेच्या दाराबाहेर उभं केलं. चाळीस मिनिटं. काम वीस मिनिटांत संपलं होतं.
तिने माफी मागितली. आणखी काही सांगू लागली. मी मध्येच "ठीक आहे" म्हटलं, ठीक नाही हे कळेल अशा आवाजात. कळलं नाही. गेली.

३ फेब्रुवारी
कुरिअरवाल्याला व्हॉट्सअॅप ग्रुपवर घेतलं. कॅप्टन लिहितो, माणूस लाखात एक. माझ्या जागेवर अजून माझा वास असेल.
दुपारी १.१० ला ग्रुप सोडला. कारण दिलं नाही. बसतील शोधत.

६ फेब्रुवारी
कोणी विचारलं नाही. धक्का बसला असणार.

१९ फेब्रुवारी
कॅप्टनचा फोन. म्हणाला, तू चुकून बाहेर पडलेली दिसतेस, परत घेतलंय.
आईला हे सांगायला नको होतं. भाजी चिरता चिरता म्हणाली, "हा कसला गं राग, जो समोरच्याला समजावून सांगावा लागतो? सरळ जाऊन भांडून ये."
भांडण हे नियोजन न जमणाऱ्यांचं काम.

२ नोव्हेंबर
नियोजन पूर्ण. दरवर्षी ट्रिपची रूट फाइल मीच बनवते; सगळ्यांचे फोन तीच वाट दाखवतात. यंदा कळवलं, ऑडिट आहे, येत नाही, फाइल मात्र पाठवते. तिसऱ्या चौकात फाइल त्यांना हायवेवरून उतरवेल. पुढे एकसष्ट किलोमीटर उखडलेला रस्ता. खडी, धूळ, सावली नाही. स्वतः जाऊन पाहून आले. जिवावर बेतणार नाही. कमरेवर बेतेल.
दातवालीने उत्तरात फक्त अंगठा पाठवला. हल्ली ती तेवढंच पाठवते. बरंच आहे, वेळ वाचतो.

८ जानेवारी, रविवार, ट्रिपचा दिवस
सकाळी ११.३०: शिव्या आता सुरू व्हायला हव्यात.
१२.१५: नाहीत. नेटवर्क नसेल.
१.४०: जेवण झालं. फोन ताटाशेजारीच होता, योगायोगाने.
४.२०: फोटो आले. नऊ. रस्ता डिसेंबरात पूर्ण झालाय. नवंकोरं डांबर, रहदारी शून्य, उजवीकडे तलाव. तो मी पाहिला तेव्हा धुळीत दिसला नव्हता. कॅप्टन लिहितो, आजवरचा सगळ्यात भारी रस्ता, शोधणारीला सलाम. कुरिअरवाल्याने हात जोडलेत.
४.३५: दातवालीचा व्हॉइस मेसेज. तीनदा ऐकला.
"मुद्दाम आमच्यासाठी शोधलास ना गं? मला वाटलं होतं, तू आमचं नाव टाकलंस. त्या दिवशी मी जेवण टाकून पंपावर परत आले होते. पाचपर्यंत बसले होते तिथे. तेच सांगायला लॅबमध्ये आले होते, पण तू कामात होतीस. जाऊ दे. आज सगळं फिटलं."

९ जानेवारी
तिचा मेसेज पुन्हा ऐकला नाही. गरज नव्हती, पाठ झालाय.
चार मसुदे केले. पहिल्या तिन्हींत मी बरोबर होते. चौथा पाठवला:
"तो रस्ता चांगला म्हणून पाठवला नव्हता. खराब होता म्हणून पाठवला होता. बाकीचं समोर बसून सांगेन. रविवारी सकाळी तुझ्या घरी येऊ का? शनिवारपर्यंत कळव."