मागच्या सीटवरचा डाग

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे खुर्चीत बसूनच घातला आहे, उरलेला भेटीत पुरा करीन.) तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे बरे आहेत. बाबांचा रक्तदाब आटोक्यात आहे आणि स्वभाव आहे तसाच आहे, म्हणजे दोन्हींची काळजी करण्यात अर्थ नाही.

पत्रास कारण माझी विजार. इतकी वर्षं मी हा अन्याय निमूटपणे सोसला, पण आता गप्प बसणं म्हणजे त्यात सामील होणं. आपल्या जुन्या गाडीच्या सीटवरचं गडद लाल, मरून कव्हर उकाड्यात रंग सोडतं. मी गाडीतून उतरतो तेव्हा माझी मागची बाजू मरून झालेली असते आणि ते मी सोडून साऱ्या जगाला दिसतं. परवा ऑफिसात फळ्याकडे तोंड करून एक हिशेब समजावत होतो. मंडळी इतकी एकाग्र, की मला वाटलं, चला, उशिरा का होईना माझी किंमत कळली. घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुम्ही मागून पिकलाय." त्याच संध्याकाळी ठरवलं, गाडीचा आतला रंग बदलायचा.

बाबा (ज्यांनी ही गाडी नवी घेतली आणि अजून नवीच समजतात) म्हणाले, गाडीला हात लावायचा नाही. बायकोला निळा रंग हवा, कारण निळ्यावर धूळ दिसत नाही. मुलीला काळा, कारण काळ्यावर काहीच दिसत नाही. मी साईच्या रंगाचं नाव काढताच दोघींनी माझ्या विजारीकडे अशी नजर टाकली की मी विषय बदलला आणि परस्पर कुशनवाल्याकडे गेलो. हा गृहस्थ तोंडात सदैव बारीक खिळे धरून बोलतो, त्यामुळे तो किती पैसे सांगतोय ते कळत नाही आणि घासाघीसही करता येत नाही. त्याने साय, मोती, शिंपला, बदाम असे तुकडे पुढे टाकले. मला सगळे पांढरेच दिसले, पण बाणेदारपणे साय उचलली.

आता आपल्या घराण्याची रीत तुला मी काय सांगायची! रिमोटला प्लास्टिक, सूटकेसला खोळ, आणि खोळ मळू नये म्हणून वर जुनी चादर. कुशनवाल्याने मरून कव्हर उसवलं तर खाली तपकिरी. तपकिरी काढलं तर निळं. (बायकोला हे अजून सांगितलेलं नाही.) निळ्याखाली टॉवेलचं कापड, त्याखाली पिवळं पडलेलं, हात लावताच तुकडे होणारं जाड प्लास्टिक. आणि त्याखाली? कारखान्यातून आली तशी, कोरी करकरीत, साईच्या रंगाची सीट. माझ्या हातातला तुकडा तिच्यावर ठेवला तर कुठे ठेवला ते दिसेना. कुशनवाल्याने प्रथमच तोंडातले खिळे काढले आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही लोक या गाडीत कधी बसलाच नाहीत. कव्हरात बसलात."

आत्या, आता जरा टेकून बस. आपल्या घरात मुलांना बाराखडीच्या आधी शिकवतात ते हे, की गाडी नवीन असताना तू मागे बसलीस, तुझा थर्मास गळला, सीटवर कॉफीचा डाग पडला, म्हणून ही कव्हरं आली. बाबांनी त्याच संध्याकाळी कुणालाही जवळ येऊ न देता स्वतःच्या हातानं प्लास्टिक चढवलं, थर्मास पुरावा म्हणून जप्त करून कपाटावर ठेवला, आणि तू त्या गाडीत पुन्हा पाय टाकला नाहीस. कुठेही जायचं तर आम्ही गाडीने आणि तू बसने. (आणि तरी आमच्याआधी पोचून दारात उभी!) तो डाग आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता, पण त्याच्याविषयी घरात जेवढं एकमत होतं तेवढं दुसऱ्या कशाविषयी कधी झालं नाही.

तर मागच्या सीटवर डाग नाही. चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं, कुशनवाल्यादेखत वास घेऊन पाहिलं. डाग पुढे आहे. ड्रायव्हरच्या सीटवर, डाव्या मांडीशी, तपकिरी गोल वर्तुळ आणि त्यातून पसरलेला एक ओघळ. घरी जाऊन कपाटावरचा थर्मास काढला आणि त्याचं झाकण, ज्यातून आपण कॉफी पितो ते, नेऊन त्या वर्तुळावर ठेवलं. बरोब्बर बसलं. आणि तेव्हा ती गाडी बाबांखेरीज कुणी चालवत नव्हतं. (आता मी चालवतो, ते शेजारी बसून रिकाम्या जागी ब्रेक दाबत असतात.)

बाबांना नेऊन दाखवलं. बराच वेळ पाहून म्हणाले, "मी जोरात ब्रेक मारला असेन. मागची कॉफी पुढे आली." मी विचारलं, मध्ये कुठे न सांडता, वर्तुळ आखून? तर म्हणाले, "तेव्हाचे ब्रेक चांगले होते."

तेव्हापासून ते माझ्याशी भांडत नाहीत, टीव्हीशीही नाही. ज्याच्याशी भांडायचं तो आरशात असला की माणसाची पंचाईत होते. काल जेवता जेवता एवढंच म्हणाले, "तिच्याकडून बस अजून थेट येते का रे?" डाग घालवायचं औषध कुशनवाल्याकडे आहे, पण बाबांनीच नको म्हणून सांगितलं.

तुझा भाचा,
(मागून पिकलेला)

ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. पुढच्या महिन्यात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरतंय आणि ते नाही म्हणून बसले आहेत. आमच्यापैकी कुणाचं ऐकत नाहीत. तुझंही ऐकणार नाहीत, पण तुझ्याशी भांडताना होकार निसटेल. ये. बसने नको, मी गाडी घेऊन येतो. बायकोने निळी कव्हरं आणलीच आहेत. मागची खिडकीजवळची जागा तेवढी मी उघडी ठेवायला लावली आहे.

आणखी एक. तुझी वस्तू परत केल्याशिवाय तुला गाडीत बस म्हणायला तोंड नाही, म्हणून थर्मास सोबत पाठवतो आहे. आधी त्यात गरम कॉफी भरून, बूच लावून, सकाळभर त्या उघड्या सीटवर आडवा निजवला होता. थेंबही गळला नाही. बांधून तयार ठेवला तर बाबांनी पुडकं सोडलं आणि झाकण काढून घेतलं. म्हणाले, "हे मी देईन. तिच्या हातात." तेव्हा बिनझाकणाचाच पाठवतो आहे. बूच घट्ट आहे.