एकोडीच्या इंजिनाचा स्टड

१५ जुलै, मंगळवार
शहापूर. एकोडीहून भाचा पंकज आला, छोट्या मालवाहू गाडीत पाण्याचं इंजिन टाकून. पावसानं दडी मारलीय, लावणीसाठी उगवलेले धानाचे पऱ्हे पिवळे पडताहेत. शेतातल्या बोडीत साठलेलं पाणी उचलायचं तर इंजिनाच्या हेडखालून तेल गळतंय. "मामाजी, मी खोलतो नं." म्हटलं, "तू बस. भाचा म्हणजे देव. त्याच्याकडून काम करून घेतलं तं पाप कुठं फेडू?" घरात जेवायला पाठवला.

गॅरेजात एकटाच. खरं तर हेड खोलून पॅकिंग बदलायचं. कंटाळा केला. पान्याला पाइप अडकवला, गळत्या बाजूचा नट आणखी कसला. कट्. नट ज्यावर बसतो तो स्टडच तुटला, अर्धा बॉडीतच राहिला. हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या मी.

पंकज हात पुसत आला. "झालं का जी?" मी म्हणालो, "स्टड तुटून आहे. कोणीतरी लय कसला होता." कसं निघालं तोंडातून... तो इंजिन ठेवून गेला.

१६ जुलै, बुध.
तुकडा हलत नाही. बॉडीच्या बरोबरीत तुटला, धरायला जागाच नाही. मधोमध भोक पाडून उलट्या आट्याची मेख ठोकली. फिरवली की घसरते. आणखी जोर लावायची हिंमत नाही झाली. आता सुचतंय शहाणपण.

भाटव्यांचा, पंकजच्या बापाचा फोन. पोरावर भडकलेले. "त्याच्याशिवाय इंजिनाले कोणी हात लावत नाही. त्यानंच कसला असन. बांधावरच हासडला त्याले, सगळ्याईसमोर." मी हं म्हटलं. हं!

१७ जुलै, गुरु.
सकाळी बाईचा, माझ्या बहिणीचा फोन. "बाबू, तूच समजाव त्याले. कालपासून जेवला नाही. तुह्यं आयकते तो." माझं ऐकतो.

दुपारी तुकड्यावर नट ठेवून वेल्ड केला. सुटला. पुन्हा केला. गरम असताना थोडा मागे, थोडा पुढे, रॉकेल टाकत टाकत. आला एकदाचा. आटे शाबूत. एरवी असा तुकडा निघाला की सगळ्या गॅरेजाला चहा पाजतो. आज भंगारात फेकला, हात धुतले.

१८ जुलै, शुक्र.
नवा स्टड, नवं पॅकिंग. एकोडीला स्वतः नेलं. पहिल्याच हँडलला चालू. पाणी पऱ्ह्यात. बांधावर मजूर बसलेले, त्यांना ऐकू जाईल असं भाटवे म्हणाले, "हात असावा तं असा. नाहीतं आमचा दिवटा." पंकज खाली मान घालून पाइप सरळ करत होता. मी बोलणार होतो. इंजिनाच्या आवाजात बोलता आलं नाही असं आत्ता लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. भ्यालो.

निघताना रीतीप्रमाणे भाच्याच्या पाया पडायला वाकलो तर मागे सरला. "राहू द्या मामाजी. मले आठवत नाही, पण माह्याच हातानं कसला गेला असन. तुमाले उगाच तरास."

रस्ताभर स्वतःची लाज वाटत होती. पोराचा स्वतःच्या आठवणीवर विश्वास नाही राहिला, माझ्या शब्दावर आहे.

१९ जुलै, शनि.
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बाईले फोन लावा न्‌ सांगून द्या." बाईला सांगून काय होतं? भाटव्यांना सांगायला पाहिजे, त्याच बांधावर, त्याच मजुरांसमोर. नाक जाईल. जाऊ दे म्हणतो आणि फोन हातात घेत नाही.

संध्याकाळी पंकजचाच आला. "मामाजी, उद्या येऊ का? नट किती कसाचा थे शिकवून द्या. आता इंजिनाले हात लावाचं भेव लागते."

ये म्हटलं.

उद्या त्याच्या हातात पाना द्यायचा, वर आपला हात ठेवायचा आणि सांगायचं, बाबू, इथवर. इथं थांबायचं. मग तो विचारेल, मामाजी, माह्यं कुठं चुकलं होतं?